स्वतःला दिलेले गुण : आत्मसन्मान मोजणाऱ्या चाचण्यांचा आढावा

बुद्धिमत्ता चाचणीत मुलाने चुकीचे उत्तर दिले तर परीक्षकाला ते कळते, कारण बरोबर उत्तर त्याच्यापाशी असते. आत्मसन्मानाच्या चाचणीत ही सोय नाही. तुम्ही स्वतःवर समाधानी आहात का, या प्रश्नावर एखाद्याने ‘पूर्ण सहमत’वर खूण केली, तर ती तपासायला कुठलीही उत्तरसूची नसते. इथे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच. तरीही मानसशास्त्रातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रश्नावल्यांमध्ये या चाचण्या मोडतात. एम.एड.च्या प्रबंधापासून मानसोपचारापर्यंत आणि शाळेतल्या समुपदेशकापासून सरकारी समितीपर्यंत सगळ्यांनी त्या हाताळल्या आहेत. त्यांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. चाचण्या फसल्या त्या बहुधा वाईट बांधणीमुळे नव्हे. एका प्रश्नासाठी घडवलेली चाचणी भलत्याच प्रश्नाला लावल्यामुळे.

सुरुवातीलाच एक भेद करायला हवा. आपण कसे आहोत याचे स्वतःजवळचे वर्णन म्हणजे स्व-संकल्पना. त्या वर्णनाला आपण दिलेली किंमत म्हणजे आत्मसन्मान. ‘मला पोहता येत नाही’ हा स्व-संकल्पनेचा भाग झाला. त्याची खंत वाटते की त्याचे काहीच वाटत नाही, हा आत्मसन्मानाचा. पुष्कळ चाचण्यांनी या दोन गोष्टींची सरमिसळ केली आणि वाचणाऱ्यांनी ती आणखी वाढवली.

अपूर्णांक आणि पत्ते

1890 साली विल्यम जेम्सने आत्मसन्मान एका अपूर्णांकात मांडला : अंशस्थानी यश, छेदस्थानी अपेक्षा. यश वाढले तर आत्मसन्मान वाढतो, आणि अपेक्षा सोडून दिल्या तरीही वाढतो. जेम्सने स्वतःचेच उदाहरण दिले. मानसशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवण्यावर त्याने सगळे पणाला लावले होते. त्यामुळे त्या विषयात कोणी वरचढ निघाला तर तो खट्टू होई, पण ग्रीक भाषेतल्या अज्ञानाचे त्याला काही वाटत नसे. 1902 मध्ये चार्ल्स कूलीने दुसरी बाजू मांडली : लोक आपल्याला कसे पाहत असतील याचा आपण जो अंदाज बांधतो, त्यातूनच आपली स्वतःविषयीची कल्पना घडते. पुढच्या जवळपास सगळ्या चाचण्या या दोन विचारांच्या मधल्या पट्ट्यात वावरतात.

नंतर वर्तनवादाचे राज्य आले आणि ‘स्व’ ही अशास्त्रीय गोष्ट ठरून बाजूला पडली. ती परत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, कार्ल रॉजर्सच्या समुपदेशन पद्धतीबरोबर. रॉजर्सच्या सहकाऱ्यांनी शंभर विधानांचे पत्ते केले. माणसाने ते आधी ‘मी असा आहे’ या क्रमाने लावायचे आणि मग ‘मला असे व्हायला आवडेल’ या क्रमाने. 1954 मध्ये बटलर आणि हेग यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुपदेशनाआधी या दोन क्रमांमधला सरासरी सहसंबंध जवळजवळ शून्य होता. समुपदेशनानंतर तो 0.34 झाला. मोजमापाला इथे नेमका प्रश्न होता : उपचाराने या माणसात बदल झाला का? तुलना त्याची त्याच्याशीच होती. म्हणून ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिचा निष्कर्ष सरळ वाचता येतो.

त्याच वर्षी कून आणि मॅकपार्टलंड यांनी याहून साधी युक्ती सुचवली. कोऱ्या कागदावर ‘मी कोण आहे?’ या प्रश्नाची वीस उत्तरे लिहायची. कोणी ‘मी शिक्षिका आहे, मी आई आहे’ असे लिहिते, कोणी ‘मी तापट आहे’ असे. माणूस स्वतःकडे कोणत्या बाजूने पाहतो हे यातून उत्तम दिसते, पण गुण देणे अवघड होऊन बसते. संशोधकांना हवा होता आकडा, आणि तोही झटपट.

दहा विधानांची मापनी

तो आकडा समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्गने दिला. 1965 च्या त्याच्या ग्रंथात न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या 5,024 किशोरवयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे. त्यासाठी त्याने फक्त दहा विधाने घेतली, पाच होकारात्मक आणि पाच नकारात्मक. पोहणे, गणित, रूप यांतल्या कशाचाही त्यात उल्लेख नाही; आपली एकूण किंमत आपल्याला काय वाटते, एवढेच ती विचारतात. चार पर्याय, दोन मिनिटांचे काम, वापरायला मोफत. या गुणांमुळे ही मापनी जगभर पसरली. तिची अंतर्गत विश्वसनीयता बहुतेक ठिकाणी 0.8 च्या आसपास किंवा त्याहून जास्त निघते, म्हणजे दहाही विधाने बऱ्यापैकी एका सुरात बोलतात.

रोझेनबर्गचा प्रश्न मात्र समाजशास्त्रीय होता. धर्म, वर्ग, कुटुंब यांनुसार किशोरांच्या गटांमध्ये फरक दिसतो का, हे त्याला पाहायचे होते. एखाद्या मुलीचे 14 गुण आले म्हणून तिला उपचारांसाठी पाठवावे की नाही, हे ठरवायला ती मापनी बांधलेलीच नव्हती. आज अनेक ठिकाणी 15 च्या खाली गुण आले की ‘कमी आत्मसन्मान’ असा शेरा मारला जातो. त्या रेषेमागे निदानाचा कुठलाही पक्का आधार नाही.

प्रौढांसाठी दुसरा मार्ग विल्यम फिट्सच्या टेनेसी स्व-संकल्पना मापनीचा. तिच्यात शंभर विधाने. त्यांतली दहा ‘स्वतःवर टीका’ तपासणारी, म्हणजे किरकोळ मानवी दोषसुद्धा कबूल न करणारा माणूस ओळखण्यासाठीची. माणूस स्वतःला जास्त गुण देईल, ही शंका या क्षेत्रात पहिल्यापासून होती, ती अशी. 1991 मध्ये हेदरटन आणि पोलिव्ही यांनी वीस विधानांची ‘या क्षणाची’ मापनी केली. तिच्यात काम, समाज आणि रूप असे तीन भाग आहेत आणि परीक्षेच्या निकालासारख्या घटनेनंतर होणारे चढउतार ती पकडते. 2001 मध्ये रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रौढांना सरळ एकाच विधानाने विचारले तरी रोझेनबर्गच्या मापनीशी उत्तर चांगले जुळते. जेनिफर क्रॉकरने प्रश्नच फिरवला : आत्मसन्मान किती, यापेक्षा तो कशावर टांगलेला आहे? रूप, स्पर्धा, अभ्यास, इतरांची पसंती, कुटुंबाचा आधार, सद्‌गुण, देवाचे प्रेम अशी सात क्षेत्रे तिच्या चाचणीत आहेत. हा जेम्सचा छेद मोजण्याचाच प्रयत्न म्हणायचा.

मुलांना विचारायचे कसे?

मुलांच्या बाबतीत अडचण दुहेरी. एक, नकारार्थी वाक्ये त्यांना झेपत नाहीत. ‘मी कुचकामी आहे’ या विधानाशी ‘असहमत’ म्हणायचे, म्हणजे नकाराला नकार द्यायचा. लहान आणि वाचनात कच्ची मुले इथे हमखास गडबडतात आणि त्यांचा आत्मसन्मान कागदावर उगीचच घसरतो, हे हर्बर्ट मार्शने दाखवून दिले. दुसरी अडचण म्हणजे मुले मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात.

एलन पिअर्स आणि डेल हॅरिस यांनी 1960 च्या दशकात केलेल्या चाचणीचे वैशिष्ट्य असे की तिची विधाने मुलांकडूनच आली. स्वतःबद्दल काय आवडते आणि काय नाही, याविषयी मुलांनी सांगितलेल्या गोष्टी आर्थर जेर्सिल्डने जमवल्या होत्या. त्यांतून 80 विधाने निवडली गेली. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. 2002 च्या आवृत्तीत ती 60 झाली. पहिल्या आवृत्तीची प्रमाणके मात्र पेनसिल्व्हेनियातल्या एकाच शालेय जिल्ह्यातली होती. वर्षानुवर्षे जगभरच्या मुलांची तुलना त्या एका ठिकाणच्या मुलांशी होत राहिली.

स्टॅन्ली कूपरस्मिथची यादी 1967 ची, आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. उत्तर ‘माझ्यासारखे’ किंवा ‘माझ्यासारखे नाही’. 58 विधानांपैकी आठ खोटेपणा पकडण्यासाठी. कूपरस्मिथने शिक्षकांकडूनही मुलांच्या वागण्याची नोंद घेतली. मूल स्वतःला भरभरून गुण देते, पण वर्गात मागे मागे राहते. अशा मुलांचा त्याने वेगळा गट मानला. बाहेरून पडताळा घेण्याचा हा शहाणा मार्ग पुढच्या बहुतेकांनी सोडून दिला, कारण त्याला कष्ट पडतात.

सगळ्यांत कल्पक उपाय सुसान हार्टरचा. तिच्या 1985 च्या चाचणीत 36 प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नात दोन प्रकारची मुले समोर ठेवलेली आहेत : काही मुलांना नवे मित्र सहज मिळतात, काहींना मित्र जोडणे जड जाते. मुलाने आधी आपण कोणत्या मुलांसारखे ते ठरवायचे, मग ते पूर्ण खरे की थोडेसे खरे ते सांगायचे. दोन्ही प्रकारची मुले जगात असतात हे प्रश्नानेच मान्य केल्यामुळे कमीपणा कबूल करायला लाज वाटत नाही. अभ्यास, मित्रमंडळी, खेळ, रूप, वागणूक आणि स्वतःची एकूण किंमत असे सहा वेगळे गुण मिळतात. त्यांतून निघालेला एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा दिसला : एकूण किमतीशी सर्वांत घट्ट नाते अभ्यासाचे नव्हे, रूपाचे होते.

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी हार्टर आणि पाइक यांनी 1984 मध्ये चित्रांची चाचणी केली. तिच्यात ‘स्वतःची एकूण किंमत’ हा भाग मुद्दामच ठेवला नाही. त्या वयात मूल ‘मी धावण्यात पहिला’ असे सांगते, पण ‘एक माणूस म्हणून मी कसा’ हा विचार त्याला शब्दांत मांडता येत नाही. जे मोजता येत नाही ते न मोजण्याचा हा संयम या क्षेत्रात विरळाच.

एक आकडा की अनेक?

1961 मध्ये आणि पुन्हा 1970 च्या दशकात रूथ वायलीने या साऱ्या साहित्याची झडती घेतली. चाचण्यांचा सुळसुळाट झाला होता, बऱ्याच एकदाच वापरून टाकून दिलेल्या, आणि त्या एकच गोष्ट मोजतात याला पुरावा तुटपुंजा होता. 1976 मध्ये शॅव्हेलसन, ह्यूबनर आणि स्टँटन यांनी उत्तरादाखल एक रचना मांडली. सर्वांत वर एकूण स्व-संकल्पना, तिच्याखाली शैक्षणिक, सामाजिक, भावनिक, शारीरिक, आणि त्यांच्याखाली गणित, भाषा अशा बारीक शाखा.

हर्बर्ट मार्शने ही रचना घेऊन मुले, किशोर आणि तरुण यांच्यासाठी तीन प्रश्नावल्या केल्या, आणि आकड्यांनी धक्का दिला. गणितातले आणि भाषेतले गुण एकमेकांशी चांगले जुळतात. एकात हुशार असलेले मूल बहुधा दुसऱ्यातही हुशार असते. पण ‘मी गणितात चांगला’ आणि ‘मी भाषेत चांगला’ या समजुतींमध्ये जवळजवळ नातेच सापडले नाही. मार्शचे 1986 चे स्पष्टीकरण असे की मूल दोन तुलना करते, वर्गातल्या इतरांशी एक आणि स्वतःच्याच दुसऱ्या विषयाशी दुसरी. भाषेत 90 मिळवणाऱ्या मुलीला गणितातले 80 कमीच वाटतात.

यालाच जोडून मार्श आणि पार्कर यांनी 1984 मध्ये आणखी एक परिणाम मांडला. सारख्याच क्षमतेची दोन मुले घ्या. निवडक हुशारांच्या शाळेतल्या मुलाची शैक्षणिक स्व-संकल्पना साधारण शाळेतल्या मुलाहून खाली येते. 2003 मध्ये मार्श आणि हाउ यांना 26 देशांच्या माहितीत हेच दिसले. हुशारांची ‘अ’ तुकडी वेगळी काढणाऱ्या आणि निवड परीक्षांना मान देणाऱ्या आपल्या पालकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकच एकूण आकडा घेतला असता तर यातले काहीही हाती लागले नसते.

बाहुल्यांचा धडा

चाचणी एका प्रश्नाची आणि निष्कर्ष दुसऱ्याच प्रश्नाचा, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने 1940 च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून कोणती छान, कोणती वाईट असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाचा आधार घेतला. पुढे सर्वांनी गृहीत धरले की कृष्णवर्णीयांचा आत्मसन्मान कमी असतो.

मग प्रश्नावल्या आल्या. बाल्टिमोरच्या शाळांमध्ये रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांना 1971 च्या ग्रंथात उलटेच चित्र दिसले. कृष्णवर्णीय मुलांचे गुण गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हते. 2000 साली ग्रे-लिटल आणि हाफडाल यांनी अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा कृष्णवर्णीयांचे सरासरी गुण थोडे जास्तच निघाले. बाहुल्यांनी समाज कोणत्या रंगाला चांगला मानतो हे मुलांना किती लवकर कळते, ते दाखवले होते. मूल स्वतःला किती किंमत देते, हा प्रश्न वेगळा होता. ती किंमत घरातून, शेजारातून, आपल्या माणसांतून येते. क्रॉकर आणि मेजर यांनी 1989 मध्ये आणखी एक कारण सुचवले : झालेल्या अन्यायाचे खापर स्वतःवर न फोडता भेदभावावर ठेवता येते. अन्याय चुकीचा ठरायला त्याने आत्मसन्मान कमी व्हावाच लागतो असे नाही, हाही धडा यात आहे. दलित विद्यार्थ्यांविषयी अशीच विधाने आपल्याकडेही सहज केली जातात. ती करण्याआधी हा इतिहास वाचावा.

देश बदलला की

2005 मध्ये श्मिट आणि अलिक यांनी रोझेनबर्गची मापनी 53 देशांत, 28 भाषांत पडताळली. सर्वच देशांची सरासरी मधल्या रेषेच्या वर आली. सर्वांत खाली जपान होता. आठवे विधान, म्हणजे स्वतःविषयी अधिक आदर वाटावा अशी इच्छा, अनेक देशांत बाकीच्या नऊ विधानांशी नीट जुळले नाही. कारण उघड आहे. सुधारण्याची इच्छा हा काही समाजांत कमीपणा नसून चांगुलपणा आहे. नकारात्मक विधानांना लोक निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीने घेतात, हेही दिसले.

जपानी माणूस स्वतःला खरोखर कमी लेखतो का? हाइन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये म्हटले की स्वतःला वर ठेवण्याची गरजच सार्वत्रिक नाही. याचे उत्तर आडमार्गाने आधीच येऊन गेले होते. आपल्या नावातली अक्षरे माणसाला इतर अक्षरांपेक्षा जास्त आवडतात, हे बेल्जियमच्या नुटिनने 1985 मध्ये दाखवले होते. कितायामा आणि कारासावा यांना 1997 मध्ये जपानमध्येही हीच आवड सापडली. म्हणजे विनय कागदावर होता, जिव्हाळा शाबूत होता.

अशा न विचारता मोजणाऱ्या चाचण्यांवर 1995 नंतर मोठी आशा ठेवली गेली. ग्रीनवाल्ड आणि फार्नहॅम यांनी 2000 साली संगणकावर ‘मी’ आणि ‘चांगले’ हे शब्द माणूस किती चटकन जोडतो ते मोजले. त्याच वर्षी बॉसन, स्वान आणि पेनबेकर यांनी अशा सात मोजमापांना शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा ती एकमेकांशी जुळेनात. लपलेला आत्मसन्मान मोजायचे साधन मिळाले, पण मोजले ते नक्की काय, हा वाद मिटलेला नाही.

धोरणाच्या हाती आकडा

1986 मध्ये कॅलिफोर्नियातले लोकप्रतिनिधी जॉन व्हास्कन्सेलॉस यांच्या आग्रहाने तिथल्या राज्य सरकारने आत्मसन्मान वाढवण्यासाठी समिती नेमली. गुन्हे, व्यसने, कुमारी माता, शाळेतली पिछाडी या सगळ्यांचे मूळ कमी आत्मसन्मानात आहे, अशी धारणा होती. विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 1989 मध्ये पुरावे मांडले. सहसंबंध निराशाजनकरीत्या क्षीण निघाले. तरीही समितीचा 1990 चा अहवाल उत्साहाने भरलेला होता आणि शाळाशाळांतून मुलांची पाठ थोपटण्याचे कार्यक्रम सुरू झाले.

2003 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. चांगल्या गुणांच्या मुलांचा आत्मसन्मान थोडा जास्त असतो, पण तो बराचसा यशाचा परिणाम असतो, कारण नव्हे. आनंदाशी आणि पुढाकार घेण्याशी मात्र नाते चांगले होते. उल्रिच ऑर्थ आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी 2022 मध्ये दीर्घकालीन अभ्यासांच्या आधारे याला दुरुस्ती सुचवली : परिणाम लहान आहेत, पण आहेत. ऑर्थ आणि सहकाऱ्यांनीच 2018 मध्ये 331 नमुने, 1,64,868 लोक एकत्र करून वयाचा आलेख काढला. आत्मसन्मान साधारण साठीपर्यंत वाढतो, सत्तरीपर्यंत टिकतो आणि मग उतरतो. अशा मोठ्या, संथ प्रश्नांसाठी या चाचण्या खरोखर उपयोगी आहेत.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. जज आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले की आत्मसन्मान, चिंताळूपणा, ‘आपल्या हातात काय आहे’ ही जाणीव आणि ‘मला जमेल’ हा विश्वास यांची मोजमापे एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की ती बहुधा एकच गोष्ट मोजत असावीत. कमी गुण आले तर तो आत्मसन्मानाचा प्रश्न आहे की नैराश्याचा, हे प्रश्नावली एकटी सांगू शकत नाही.

आपल्याकडे

भारतात राजकुमार सारस्वत यांची 48 विधानांची स्व-संकल्पना प्रश्नावली शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत सर्रास दिसते. शारीरिक, सामाजिक, स्वभावविषयक, शैक्षणिक, नैतिक आणि बौद्धिक असे तिचे सहा भाग. अहलुवालिया यांनी मुलांसाठी केलेली चाचणी आणि प्रतिभा देव यांची विशेषणांची यादीही परिचयाची आहे. अशा चाचण्या वापरताना तीन गोष्टी विचाराव्यात. प्रमाणके कोणत्या वर्षांतल्या, कोणत्या भागातल्या मुलांची? मराठी रूप तयार करताना ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडून पाहिले का? आणि नकारार्थी विधाने पाचवीच्या मुलाला एका वाचनात कळतात का? पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने बुद्धिमत्तेच्या चाचण्या मराठी मुलांसाठी चिकाटीने बांधल्या. तसे काम आत्मसन्मानाच्या बाबतीतही व्हायला हवे.

याची निकड आता वाढली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याचे स्वतःचे मूल्यमापन आणि सवंगड्यांनी केलेले मूल्यमापन यांना जागा दिली आहे. कल्पना चांगली आहे. पण मुलाने स्वतःला दिलेले गुण शिक्षकाच्या, शाळेच्या किंवा तालुक्याच्या कामगिरीचा पुरावा म्हणून गोळा होऊ लागले, तर मुले आणि शिक्षक दोघेही लवकरच ‘बरोबर’ उत्तर शिकतील, आणि आकडा चढत जाऊन निरर्थक होईल.

तेव्हा शाळेने काय करावे? एकूण किमतीचा एकच आकडा मागण्याऐवजी हार्टर किंवा मार्श यांच्यासारखी क्षेत्रवार चाचणी घ्यावी. मुलाची तुलना शक्यतो त्याच्याच मागच्या उत्तरांशी करावी. शिक्षकाचे निरीक्षण शेजारी ठेवावे. गुण प्रगतिपुस्तकावर छापू नयेत, ते समुपदेशकाच्या संवादाची सुरुवात म्हणून वापरावेत. खेळात स्वतःला एक गुण देणाऱ्या मुलाला ‘खेळ तुला महत्त्वाचा वाटतो का?’ एवढे विचारले, तरी चाचणीने न विचारलेला अर्धा भाग कळतो. तो ‘नाही’ म्हणाला तर त्या एका गुणाची काळजी करण्याचे कारण नाही. ‘हो’ म्हणाला तर कामाला लागावे.